नकाशावरचा ठिपका आणि हरवलेला फोन

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीकडच्या डोंगराळ भागात हरसूल हे गाव आहे. (छत्रपती संभाजीनगरला लागूनही एक हर्सूल आहे, हे ते नव्हे.) उतारावरची भात, नागली, वरईची शेती, चहूबाजूंना विखुरलेले पाडे आणि या सगळ्या पाड्यांना एका ठिकाणी आणणारा आठवडे बाजार. शिक्षकांच्या एका विज्ञान कार्यशाळेसाठी मी तेथे गेलो होतो आणि नेमका बाजाराचाच दिवस होता. दुपारच्या सुट्टीत काही शिक्षिका भाजी घेऊन परतल्या. त्यांतल्या एका बाईंनी आपली पिशवी बाकावर उपडी केली, पुन्हा भरली, पुन्हा उपडी केली. फोन नव्हता.

त्यापुढच्या वीस मिनिटांत जे घडले, ते मला सकाळपासूनच्या माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त बोधप्रद वाटले. आधी सर्वांनी त्या फोनवर फोन केले. घंटा जात होती, उचलत कोणी नव्हते. उचलणार कसे? कार्यशाळेत आवाज नको म्हणून मीच सकाळी सर्वांना फोन मुके करायला लावले होते. थोड्या वेळाने घंटाही जाईना. फोन संपर्कक्षेत्राच्या बाहेर असल्याचे उत्तर येऊ लागले. मग एक तरुण शिक्षक पुढे आले. "मॅडम, तुमचा ईमेल सांगा, पासवर्ड सांगा, आत्ता शोधून देतो." बाई गडबडल्या होत्या. त्यांनी तीस-पस्तीस माणसांच्या खोलीत आपला पासवर्ड मोठ्याने सांगून टाकला. ज्या खात्यात त्यांची पत्रे, घरची छायाचित्रे, वर्गातल्या मुलांच्या याद्या होत्या, त्याची किल्ली सगळ्या खोलीला मिळाली. हे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण तोवर पडद्यावर नकाशा उघडला होता आणि त्यावर एक ठिपका होता.

ठिपका बाजारात नव्हता. बाजारापासून दीडएक किलोमीटरवरच्या एका पाड्यावर, दहा-बारा घरांच्या मधोमध तो दिसत होता. "म्हणजे तिथल्याच कोणा पोराने उचलला," असे कोणीतरी म्हणाले. दोन मोटारसायकली सुरूही झाल्या. तेव्हा ज्यांचा फोन हरवला होता त्या बाईच दारात जाऊन उभ्या राहिल्या. "थांबा. त्या पाड्यावरून माझ्या वर्गात सात मुले येतात. त्यांच्या घरात तुम्ही काय म्हणून शिरणार?"

मोटारसायकली थांबल्या. मी तो नकाशा जरा मोठा करून पाहिला. ठिपक्याभोवती फिकट निळ्या रंगाचे एक वर्तुळ होते. इतके मोठे, की आधी पडद्यावर मावतच नव्हते आणि म्हणून कोणाला दिसलेही नव्हते. त्या वर्तुळात तो पाडा होता, आणखी दोन पाडे होते, एक ओढा होता, आणि अर्धा बाजारही होता.

हे वर्तुळ काय असते, हे समजून घेण्यासाठी मुळात फोनला आपली जागा कशी कळते ते पाहिले पाहिजे.

उपग्रहाला फोन दिसत नाही

वर्गात मुलांना विचारून पाहा. "जीपीएस म्हणजे काय?" बहुतेकांचे उत्तर येईल की वरून उपग्रह आपल्या फोनवर नजर ठेवतो आणि तो कुठे आहे ते सांगतो. मोठ्यांचाही हाच समज असतो. प्रत्यक्षात उपग्रहाला आपला फोन अस्तित्वात आहे हेसुद्धा ठाऊक नसते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतात: 'मी अमुक उपग्रह, मी आत्ता या जागी आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.' ऐकणाऱ्याने ऐकावे. जुन्नर तालुक्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशातून येणाऱ्या लहरी केवळ ऐकते, आकाशाला काही कळवत नाही. जीपीएसच्या बाबतीत आपला फोन ही खोडदच्या दुर्बिणीची अगदी लहान, गरीब बहीण आहे.

लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतात. डोक्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत यायला त्यांना सुमारे 0.067 सेकंद लागतो. लहर किती वाजता निघाली आणि किती वाजता पोहोचली, हे कळले की उपग्रहाचे अंतर कळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली, की जागा ठरते. पण फोनमधले घड्याळ काही उपग्रहातल्या अणुघड्याळाइतके अचूक नसते. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर तीनशे मीटरने चुकते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार समीकरणांतून जागेचे तीन अज्ञात आणि घड्याळाची चूक हा चौथा अज्ञात सुटतो. मैदानावर तीन खुंट्या आणि तीन दोऱ्या घेऊन यातला भूमितीचा भाग मुलांना सहज करून दाखवता येतो. प्रत्येक दोरीने एक वर्तुळ काढायचे आणि तिन्ही वर्तुळे जेथे मिळतात तेथे उभे राहायचे. (घड्याळाची चूक दाखवायची असेल, तर तिन्ही दोऱ्या सारख्याच मापाने थोड्या लांब करा आणि काय होते ते मुलांनाच शोधू द्या. तास पुरणार नाही.)

मोकळ्या आकाशाखाली या पद्धतीने फोनला आपली जागा पाच-सात मीटरपर्यंत कळते. पण या लहरी आपल्यापर्यंत पोहोचतात तेव्हा अत्यंत क्षीण झालेल्या असतात. पत्र्याचे छप्पर, पिशवीतला डबा, दरीची उभी कड, यांतले काहीही त्यांना अडवते. शिवाय त्या ऐकत राहायला फोनला वीज लागते. बॅटरी संपत आली आणि बचतीचा पर्याय चालू केला, की फोन जीपीएस वापरणे टाळू लागतो. बाईंची बॅटरी त्या दिवशी सकाळपासूनच रडत होती.

अशा वेळी फोन दुसऱ्या दोन खुणांचा आधार घेतो. शहरात आजूबाजूला वाय-फायची यंत्रे शेकड्यांनी असतात. कोणते यंत्र कोठे आहे याच्या याद्या मोठ्या कंपन्यांकडे असतात, त्यावरून पंधरा-वीस मीटरचा अंदाजही लागू शकतो. हरसूलच्या बाजारात अशी यंत्रे मोजकीच. मग उरतो मोबाईलचा टॉवर. टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड करून अँटेना बसवलेल्या असतात. फोन कोणत्या अँटेनाशी बोलतो आहे, एवढे कळले की तो त्या बाजूच्या पाचराच्या आकाराच्या क्षेत्रात कोठेतरी आहे, इतकेच कळते. नाशिक शहरात हे क्षेत्र काही गल्ल्यांचे असेल. हरसूलसारख्या भागात ते काही किलोमीटरचे असते.

आता संगणकाची अडचण पाहा. त्याला माहीत आहे एक भलेमोठे क्षेत्र, पण नकाशावर दाखवायला हवा एक ठिपका. तो बिचारा त्या क्षेत्राच्या साधारण मध्यावर ठिपका ठेवतो आणि आपल्या अज्ञानाचे माप म्हणून त्याभोवती वर्तुळ काढतो. त्या मध्यावर एखादे घर असेल, विहीर असेल किंवा पाडा असेल, याचा फोनशी काहीही संबंध नाही. आपण मात्र ठिपका पाहतो आणि वर्तुळ विसरतो.

त्यातही एक मेख आहे. अँड्रॉइड फोनांत या वर्तुळाची त्रिज्या अशी ठरवलेली असते, की फोन वर्तुळाच्या आत असण्याची शक्यता 68 टक्के असावी. म्हणजे साधारण तीनांतून एकदा फोन त्या वर्तुळातही नसतो! दहावी-बारावीला संभाव्यता शिकवताना फाशांची आणि पत्त्यांची उदाहरणे आपण देतोच. हे एक उदाहरण त्यांच्या जोडीला द्यायला हरकत नाही. यात एखाद्या मुलाच्या दारात गावाची माणसे जाऊन उभी राहणार की नाही, हे ठरते.

ठिपक्याशेजारी वेळही लिहिलेली असते. तीही आमच्यापैकी कोणी वाचली नव्हती. तो ठिपका पाऊण तासापूर्वीचा होता, म्हणजे बाई बाजारात असतानाचा. फोन तेव्हा बाजारातच होता. वर्तुळाच्या आत, पण ठिपक्यापासून पुष्कळ दूर.

बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, नव्हे, चालत आला. भाजीचे पैसे देताना तो वजनकाट्याशेजारी राहिला होता. भाजीवाल्या मावशींनी तो हरवू नये म्हणून पोत्याखाली सुरक्षित ठेवला. मुका असल्याने तो वाजलेला त्यांना कळला नाही. बाजार उठल्यावर त्या घरी गेल्या. ते घर त्या पाड्याच्या अगदी उलट दिशेला, दरीत, जेथे रेंज येत नाही. संध्याकाळी पोते झटकताना फोन हाती आला. कुलूप असल्याने उघडला नाही, पण कुलपाच्या पडद्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो होता आणि त्यात शाळेची पाटी. मावशी सकाळी सात वाजता शाळेच्या दारात.

उपग्रह, टॉवर आणि नकाशा यांना जे जमले नाही, ते एका फोटोने केले. कुलपाच्या पडद्यावर मालकाचा संदेश ठेवायची सोय बहुतेक फोनांत असते. 'हा फोन सापडल्यास या क्रमांकावर कळवा' असे लिहून घरच्या दुसऱ्या व्यक्तीचा क्रमांक द्यावा. सापडवणाऱ्याला आपल्याबद्दल एवढेच कळते आणि एवढेच पुरते.

रेंज नसताना शोधणारे फोन

मावशींच्या घरी रेंज असती, तर मुका फोनही दुरून वाजवता आला असता. शोधण्याच्या सोयीत 'वाजवा' हा पर्याय मुकेपणा डावलून फोन वाजवतो. तो फोन कुलूपबंद करता येतो, अगदीच आशा सोडली तर आतले सगळे पुसून टाकता येते. पण या तिन्ही गोष्टींसाठी फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला लागतो. दरीत हे कुठले व्हायला? यावर अलीकडे एक नामी तोड निघाली आहे. ॲपलने ती 2019 मध्ये आपल्या फोनांत आणली आणि गूगलने 2024 पासून अँड्रॉइड फोनांत. कल्पना अशी, की हरवलेल्या फोनने स्वतः इंटरनेटशी न बोलता ब्लूटूथवरून हळूच कुजबुजत राहायचे. जवळून जाणाऱ्या कोणाच्याही फोनने ती कुजबुज ऐकायची, आपली स्वतःची जागा तिला जोडायची आणि ती कंपनीच्या संगणकाकडे पाठवून द्यायची.

सोय उत्तम. पण जरा विचार केला, की अंगावर काटा येतो. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन आपली जागा कंपनीला कळवत राहणार? आणि माझा फोन कोठे आहे हे प्रत्येक वाटसरूला कळणार? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या गणिताने दिली आहेत, ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सुंदर वाटते. ते गणित शाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण त्यातली युक्ती पाचवीच्या मुलालाही कळते.

बाजारात एक प्रकारचे कुलूप मिळते. ते बंद करायला किल्ली लागत नाही, नुसते दाबले की बंद होते. उघडायला मात्र किल्लीच हवी. अशी पाच-सहा कुलपे आणा. प्रत्येकावर एक क्रमांक चिकटवा. कोयंडा असलेले छोटे गल्ले किंवा पेट्या जमवा. एका मुलीला 'मालक' करा आणि सगळ्या किल्ल्या तिच्याकडे देऊन वर्गात बसवा. एका मुलाला 'हरवलेला फोन' करा आणि उघडी कुलपे देऊन त्याला शाळेच्या आवारात कोठेही लपायला सांगा. बाकीची मुले वाटसरू. ज्याला तो मुलगा दिसेल, त्याने त्याच्याकडून एक उघडे कुलूप घ्यायचे, 'चिंचेखाली' किंवा 'हापशाजवळ' अशी चिठ्ठी पेटीत टाकायची, कुलूप दाबून बंद करायचे आणि पेटी शिक्षकांच्या टेबलावर आणून ठेवायची. शिक्षक म्हणजे कंपनीचा संगणक. मालकीण येऊन म्हणणार, "सतरा क्रमांकाची पेटी द्या." ती आपल्या किल्लीने पेटी उघडणार आणि चिठ्ठी वाचणार.

खेळ संपल्यावर फळ्यावर तक्ता करा: कोणाला काय कळले? शिक्षकांकडे पेट्या होत्या, पण आत काय आहे ते त्यांना वाचता आले नाही. वाटसरूला जागा माहीत होती, पण सतरा क्रमांकाचे कुलूप कोणाचे हे माहीत नव्हते. (आपल्या खेळात मुले एकमेकांचे चेहरे ओळखतात, ही खेळाची मर्यादा, फोनला चेहरा नसतो.) मालकिणीला जागा कळली, पण चिठ्ठी कोणी टाकली ते कळले नाही. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच कळले. फोनमध्ये कुलपाच्या जागी एक मोठी संख्या असते. तिने मजकूर बंद करता येतो, पण उघडता येत नाही. उघडणारी जोडीदार संख्या मालकाच्याच दुसऱ्या उपकरणात असते.

मग एखादा चौकस विद्यार्थी विचारील, आणि कोणी न विचारल्यास आपण विचारावे: एक खोडकर मुलगा फाटकापाशी उभा राहून रोज नोंद ठेवू लागला, की 'सतरा क्रमांक साडेदहाला आत गेला, पाच वाजता बाहेर पडला', तर? नाव कळले नाही, तरी माग लागलाच. म्हणून ही संख्या सतत बदलती ठेवतात. ॲपलच्या फोनांत ती दर पंधरा मिनिटांनी बदलते. पुढची संख्या कोणती, हे फक्त मालकाला काढता येते.

येथवर सगळे छान. पण 2021 च्या एप्रिलमध्ये किल्ल्यांना किंवा पिशवीला लावायचे नाण्याएवढे शोधक बिल्ले ॲपलने बाजारात आणले आणि याच युक्तीची दुसरी बाजू दिसली. असा बिल्ला कोणी दुसऱ्याच्या पिशवीत गुपचूप टाकला तर? मग ती पिशवी नेणारी व्यक्ती कोठे कोठे जाते, ते बिल्ल्याच्या मालकाला घरबसल्या दिसणार. स्त्रियांचा माग काढण्यासाठी असे बिल्ले वापरल्याच्या तक्रारी अनेक देशांत झाल्या. तिच्या फोनने तिला सावध करावे म्हणावे, तर बिल्ल्याची संख्या दर पंधरा मिनिटांनी बदलल्यास तिच्या फोनला कसे कळणार, की सकाळपासून एकच वस्तू आपल्यामागे आहे? म्हणजे मालकाची गुप्तता जितकी पक्की, तितकी या दुसऱ्या व्यक्तीची सुरक्षितता कच्ची. शेवटी तडजोड झाली. मालकापासून दुरावलेल्या बिल्ल्याची संख्या दिवसातून एकदाच बदलते. 2024 च्या मे महिन्यात ॲपल आणि गूगल यांनी एक समान पद्धत ठरवली, म्हणजे बिल्ला एका कंपनीचा आणि फोन दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीचा असला तरी 'अनोळखी शोधक तुमच्याबरोबर फिरतो आहे' ही सूचना मिळते. अशी सूचना आली तर ती जाहिरात समजून पुसू नका, एवढे मोठ्या मुलींना अवश्य सांगावे.

कंपनी म्हणते तसेच आत घडते आहे, हे कशावरून? जर्मनीतल्या डार्मस्टाट येथील तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲपलची पद्धत बाहेरून उलगडून 2021 मध्ये प्रसिद्ध केली. मूळ रचना बऱ्याच अंशी दाव्याप्रमाणे आहे असे त्यांना दिसले आणि त्यांनी तीतल्या उणिवाही दाखवल्या. अशी उलटतपासणी झाल्याशिवाय कोणत्याही कंपनीच्या आश्वासनावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

गूगलने आणखी एक काळजी घेतली. एकाच वाटसरूच्या फोनवरून जागा कळवली, तर त्या वाटसरूची जागाही उघडी पडू शकते. म्हणून गूगलची पद्धत, आपण मुद्दाम बदलली नाही तर, गर्दीच्या ठिकाणीच चालते. अनेक फोनांनी कळवलेल्या जागा एकत्र करूनच ती उत्तर देते. शिवाय आपल्या घराचा पत्ता खात्यात नोंदवला असेल, तर घराजवळ असताना आपला फोन असल्या कळवण्यात भाग घेत नाही. रचना विचारपूर्वक केलेली आहे, पण ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहर होते. हरसूलच्या बाजारात ती चालेल. बाजार उठल्यावर मावशींच्या दरीत जेथे दिवसभरात चार फोन जातात, तेथे ती गप्प बसेल.

पंधरा अंक

फोन चोरीलाच गेला असेल, तर दुसरा मार्ग आहे आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रापासून झालेली आहे. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. तारा, चौकटी-चिन्ह, शून्य, सहा, चौकटी-चिन्ह एवढे दाबले की तो पडद्यावर येतो. खोक्यावर आणि पुष्कळदा पावतीवरही असतो. सिमकार्ड बदलले तरी हा बदलत नाही. देशातल्या सर्व मोबाईल कंपन्यांना जोडणारी या क्रमांकांची केंद्रीय नोंदवही दूरसंचार विभागाने तयार केली. तिची प्रायोगिक सुरुवात सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईत झाली. मे 2023 मध्ये 'संचार साथी' या संकेतस्थळावरून ती सर्व देशाला खुली झाली.

पद्धत सोपी आहे, पण क्रम महत्त्वाचा. पोलिसांत तक्रार द्यायची. त्याच क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड घ्यायचे, कारण नोंदणीसाठी संकेतांक त्यावरच येतो. आणि नव्या सिमकार्डावर असे संदेश यायला साधारण एक दिवस जातो, म्हणून तेथे थांबावे लागते. मग तक्रारीची प्रत आणि आयएमईआय देऊन फोन 'बंद' करायची विनंती नोंदवायची. त्यानंतर तो फोन देशातल्या कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर चालत नाही. कोणी त्यात दुसरे सिमकार्ड घातले, की त्याची नोंद होते आणि ती माहिती पोलिसांकडे जाते.

पोलिसांकडे जाते, आपल्याकडे नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अनेकांना हा त्रास वाटतो. 'माझाच फोन, मग मला का सांगत नाहीत?' त्या दुपारच्या मोटारसायकली आठवल्या, की कारण कळते. त्या फोनमध्ये आता ज्याचे सिमकार्ड आहे, त्याने तो चोरलेला असेल किंवा दुकानातून भाबडेपणाने जुना म्हणून विकत घेतलेला असेल. त्याचे नाव आणि ठिकाण चिडलेल्या मालकाच्या हाती देणे धोक्याचे आहे. जुना फोन घेणाऱ्याला हीच सोय उपयोगी पडते. आयएमईआय घालून तो फोन काळ्या यादीत आहे का, हे आधी पाहता येते.

याच योजनेचे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालावे, असा आदेश केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 अखेर फोन बनवणाऱ्या कंपन्यांना दिला होता. सरकारी ॲप सक्तीने प्रत्येकाच्या खिशात कशाला, असा आक्षेप देशभर घेतला गेला आणि 3 डिसेंबर 2025 रोजी सक्ती मागे घेतली गेली. ज्याला हवे तो ते आजही घेऊ शकतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निर्णय 24 ऑगस्ट 2017 चा. नागरिकशास्त्राच्या तासाला हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवून चर्चा घेता येईल.

गणिताच्या तासाला मात्र आयएमईआयच घ्या. त्याचे पहिले आठ अंक फोनचा नमुना सांगतात, पुढचे सहा त्या फोनचा अनुक्रमांक आणि पंधरावा अंक पहिल्या चौदांवरून काढलेला पडताळा असतो. पुस्तकी उदाहरण घेऊ: 490154203237518. पहिले चौदा अंक लिहा. दुसरा, चौथा, सहावा असे सम स्थानांवरचे अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवा. 9 चे 18, म्हणजे 9. 1 चे 2. 4 चे 8. 0 चा 0. 2 चे 4. 7 चे 14, म्हणजे 5. 1 चे 2. यांची बेरीज 30. विषम स्थानांवरचे अंक 4, 0, 5, 2, 3, 3, 5; त्यांची बेरीज 22. एकूण 52. पुढची दशक संख्या 60. फरक 8, तोच पंधरावा अंक. एखादा अंक चुकीचा लिहिला गेला, तर हा पडताळा जुळत नाही. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर? बहुतेक वेळा चूक सापडते, पण अंकांची एकच जोडी अशी आहे की तिची अदलाबदल निसटून जाते. ती कोणती, हे मुलांना शोधायला द्या. उदाहरणासाठी मुलांचे खरे क्रमांक फळ्यावर लिहवून घेऊ नयेत, हे सांगायला नकोच.

आपला खरा क्रमांक घरातल्या वहीत, शक्यतो पावतीसह, लिहून ठेवावा. खाते दुसऱ्या फोनवर उघडताना पडताळणीचा संकेतांक हरवलेल्याच फोनवर जाण्याचा घोटाळा होतो. त्यासाठी खात्याचे राखीव संकेतांक असतात, तेही त्याच वहीत. आणि पासवर्ड कोणाला न सांगता, दुसऱ्याच्या फोनवर स्वतः टाइप करून, काम झाल्यावर खाते बंद करून फोन परत द्यावा. बाईंनी त्याच संध्याकाळी आपला पासवर्ड बदलला.

ती मुलगी

दुसऱ्या दिवशी, मावशी फोन देऊन गेल्यानंतर, त्याच बाईंची एक माजी विद्यार्थिनी मला भेटली. पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेली, कार्यशाळेत मदतीला आलेली. आदल्या दिवशीचा सगळा प्रकार तिने पाहिला होता. तिने विचारले, "सर, माझा फोन कुठे आहे ते माझ्या दादाला त्याच्या फोनवर दिसतं. हरवला नसताना पण. ते बंद करता येतं का?"

तिचा फोन दादाने घेऊन दिला होता आणि दुकानातच दादाचे खाते घालून सुरू केला होता. खेड्यांत पुष्कळ फोन असेच सुरू होतात. खाते भावाचे, नवऱ्याचे, कधी तर दुकानदाराचे. शोधण्याच्या सोयीला फोन कोणाच्या हातात आहे हे कळत नाही, त्यात कोणाचे खाते आहे एवढेच कळते. ज्याचे खाते तो मालक. मी आदल्या दिवशी ज्या पेट्यांचे आणि कुलपांचे इतके कौतुक केले होते, ती पद्धत या मुलीच्या बाबतीत दादाच्या गुप्ततेचे उत्तम रक्षण करत होती.

तांत्रिक उत्तर लहान होते. स्वतःचे खाते काढायचे, ते फोनमध्ये घालायचे, संपर्क आणि छायाचित्रे त्यात घ्यायची, मग दादाचे खाते फोनमधून काढायचे. नकाशाच्या ॲपमध्ये 'जागा वाटणे' कोणाशी चालू आहे ते पाहायचे. ती सोय वेगळी असते आणि खाते बदलले तरी तिकडे लक्ष द्यावे लागते. पण खाते काढताच दादाच्या यादीतून तिचा फोन नाहीसा होणार होता आणि ते त्याला त्याच दिवशी दिसणार होते. हे मी तिला आधी सांगितले. घरी काय होईल, याचा अंदाज तिलाच होता.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग बाई म्हणाल्या, "दादाशी मी बोलते. तो पण माझ्याच वर्गात होता." त्यांनी तेथेच त्याला फोन लावला आणि आदल्या दिवशीचा त्या पाड्याचा किस्सा सांगून सुरुवात केली. बोलणे बरेच लांबले. मी बाहेर जाऊन चहा घेऊन आलो, तेव्हा ती बाकावर बसून नवे खाते भरत होती. पासवर्डाची चौकट आली, तशी तिने फोन जरा आपल्याकडे वळवला आणि बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.